एक्केचाळिसावा खिळा

"फळा काय म्हणतो?" मुख्य अभियंत्यांनी विचारलं.

बोगद्याचं छत कोसळून तासही झाला नव्हता. आत-बाहेर जाणाऱ्यांचा फळा सांभाळणारा बिल्लेदार त्यांच्या खोलीत येऊन, दार लोटून, काही सांगत होता. साहेबांनी ते पुरतं ऐकून घेतलं आणि एवढाच प्रश्न केला.

प्रश्न शास्त्रशुद्ध होता. मुखाशेजारच्या खोपीत तो फळा होता. एकशेवीस खिळे, प्रत्येकावर नंबराचा पितळी बिल्ला. आत जाताना आपला बिल्ला काढून न्यायचा, बाहेर आल्यावर परत टांगायचा. रिकामा खिळा म्हणजे डोंगराच्या पोटात एक माणूस. माणसं खोटं बोलतात, पितळ बोलत नाही, अशी कंपनीची श्रद्धा होती. आणि त्या श्रद्धेला लेखी नियमाचा दर्जा होता.

बिल्लेदार खोपीत एकटाच गेला. परतला तेव्हा त्याचा उजवा हात खिशात होता.

"एक्केचाळीस नंबर नाही, साहेब. बाकी सगळे जागेवर आहेत."

"कोण हा एक्केचाळीस?"

"माझा धाकटा भाऊ."

साहेबांनी नाइलाजाने शिरस्त्राण चढवलं. खिळा रिकामा असेतो खोदकाम थांबवता येत नसे. यंत्रं लागली.

दुपारी आई आली. मुखाजवळच्या भिंतीशी झिजक्या चपलांची एक रांग चिखलात पडली होती. तिच्या शेजारीच तिने बसकण मारली.

"रोज तूच समोर उभा असतोस ना रे, थोरल्या? आज त्याला आत जाऊ दिलंस?"

बिल्लेदाराने भाकरीचा डबा तिच्यापुढे सरकवला.

"बोल की! तोंडात गुळणी धरलीयस का?"

"आई, दोन घास खाऊन घे."

"तुझ्या घशाखाली उतरतोय?"

उतरत नव्हता. तीन दिवस तो नुसत्या पाण्यावर होता, आणि सख्ख्या भावाचं दुःख म्हणून कुणी त्याला आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून एक पाइप आरपार गेला, पण आतून मातीने बुजला. म्हाताऱ्या ड्रिलवाल्याने त्याला कान लावला. आतून ठोकल्याचा आवाज येत होता. जोरात, एकावर एक.

"एकटाच आहे ना रे तुझा भाऊ?" तो म्हणाला. "मग एवढा गलका? दहा हात फुटले काय त्याला?"

"लहानपणापासून दंगेखोर आहे तो," बिल्लेदार म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदा माणसं हसली आणि नव्या दमाने यंत्राला भिडली.

तिसऱ्या दिवशी ठोके विरळ झाले. आठ मीटर उरले होते. बिल्लेदार ते हातांनी खरवडायला निघाला होता. इतक्यात रस्त्यावर बस थांबली आणि तीतून धाकटा भाऊ उतरला. हातात वर्तमानपत्र.

"दादा, मी आत अडकलोय म्हणे!"

तो दुसऱ्या कामाच्या शोधात गुपचूप परगावी गेला होता. कुठे, ते फक्त थोरल्याला ठाऊक होतं. आईने त्याच्या कानशिलात एक हाणली, मग त्याला घट्ट कवटाळलं, आणि त्याच्या खांद्यावरून थोरल्याकडे असं पाहिलं, की तसं कुणी वैऱ्याकडेही पाहू नये.

साहेबांनी हात वर केला. यंत्रं थांबली.

"खिशातलं काढ."

बिल्लेदाराने मूठ उघडली. तळहातावर पितळेचा वळ उमटला होता.

"तीन दिवस नाचवलंस आम्हाला! अरे, सख्ख्या आईलाही सोडलं नाहीस! कशासाठी?"

"पहिल्याच दिवशी दार लोटून सांगितलं होतं, साहेब," बिल्लेदार म्हणाला. "ठेकेदाराने त्या पहाटे ट्रकमधून आणलेली, गाळ उपसणारी अकरा माणसं आत आहेत. त्यांना आपण बिल्लेच दिले नव्हते."

आईने शेजारच्या चपलांकडे पाहिलं. पाइपावर एक ठोका पडला.

साहेबांनी बिल्ला बाहीला पुसला, खोपीत जाऊन स्वतःच्या हाताने एक्केचाळिसाव्या खिळ्यावर टांगला आणि फळा वरपासून खालपर्यंत तपासला.

"भरला," ते म्हणाले. "आत कुणीही नाही. यंत्रं मागे घ्या."