विभूतीची डबी

त्या काळी सोलापुरात गिरणीकामगार दारू सोडायला आला की अनसूयाबाई डॉक्टर टेबलावरची विभूतीची डबी उघडून त्याला सिद्धरामेश्वराची शपथ घालायच्या. गिरणीतल्या मल्लप्पानं शपथ घेतली आणि तो पुन्हा दवाखान्यात फिरकलाच नाही. पुण्याला डॉक्टरांसाठीच्या व्यसनमुक्ती प्रशिक्षण शिबिराला जाऊन आल्यावर बाईंनी त्याच्या बायकोला थांबवलं. "ईरम्मा, मालक कुठायत गं?" "कुठल्या तोंडानं येतील, बाई? शपत मोडली की! देवापेक्षा तुमालाच लई भ्यात्यात." शिबिरात हेच सांगितलं होतं: शरमेनं माणूस दारू सोडत नाही, दवाखाना सोडतो. बाई म्हणाल्या, "त्यांना सांग, आता शपथ नाही, नुसता चहा." दुसऱ्या दिवशी मल्लप्पा उंबऱ्यातच घुटमळला. टेबलावर डबी नव्हती, दोन कप होते. तो स्टुलावर टेकला. "काल पिली, बाई," पुटपुटला. बाईंनी कप पुढं सरकवला. "घे, निवतोय. उद्याही ये. प्यालास तरी ये."