बाळाच्या डोळ्यांची बाटली

तोमाने पहिली तपकिरी बाटली उघडली, डोळे मिटले आणि नाकाशी नेली.

"ही बाळाच्या डोळ्यांची."

बरोबर होतं. तिच्या शिक्षिकेचा, सित्त बतूलचा, जीव भांड्यात पडला. बाटल्या तीन, दिसायला एकसारख्या, चिठ्ठी एकीलाही नाही. तिन्ही ओळखल्या की तोमाला सुईणीची पत्र्याची पेटी मिळणार होती. तोमाच्या गावची जुनी सुईण वारल्यापासून तिकडे पाच बायका बाळंतपणात दगावल्या होत्या. तोमाला न्यायला गावाचा ट्रक सकाळपासून दारात उभा होता.

"तुमची ही बाई नाकाने शिकली म्हणे," खार्तुमहून परीक्षा घ्यायला आलेल्या डॉक्टर इनसाफ हसून म्हणाल्या. "आमच्या कॉलेजातल्या मुलींना पुस्तकं घोकूनही धड येत नाही."

बतूल सुखावली. वीस वर्षं ती निरक्षर बायकांना सुईणपण शिकवत होती, जिला जसं उमजेल तसं. कुणाला गाण्यातून, कुणाला दोरीच्या गाठींतून. तोमाचं नाक इतकं तिखट, की शेजारी सुकी भेंडी कांडत असले तरी ही अंगणातून सांगायची. तिला बतूलने एवढंच पढवलं होतं: उग्र वासाचं हात धुवायला, गोडसर वासाचं नाळेला, आणि ज्याला वासच नाही ते बाळाच्या डोळ्यांत.

दुसऱ्या बाटलीचं बूच निघताच जंतुनाशकाचा भपकारा खोलीभर पसरला. डॉक्टरांनी अंगावरच्या तोबचा पदर नाकाला लावला.

तोमाने वास घेतला. पुन्हा घेतला.

"ही पण डोळ्यांचीच."

"नीट बघ गं," बतूल म्हणाली. "घाई नाही."

तोमाने तिसरी उचलली आणि बराच वेळ नाकाशी धरून ठेवली. तेव्हा कुठे बतूलच्या डोक्यात प्रकाश पडला. गेल्या आठवड्यात तोमा तापाने पडली होती. उठल्यापासून कुठल्याच जेवणाला चव नाही म्हणत होती. "राणीसाहेबांना आता आमच्या हातचं चालत नाही," म्हणून बतूलनेच तिची थट्टा केली होती.

बतूलने नुसता मानेने इशारा केला असता तरी तोमाला पेटी मिळाली असती. आणि मग पहिल्याच बाळाच्या डोळ्यांत काय पडलं असतं? दुसरी कुठली खूण तिने तोमाला कधी शिकवलीच नव्हती. बतूलला रडू यायला लागलं. ती खाली बघत राहिली.

डॉक्टर उठून खिडकी उघडायला गेल्या.

तोमाने तिसरी बाटली खाली ठेवली. मग एकदम तिचा चेहरा खुलला.

"कळलं मला! फसवायला सगळ्यांत डोळ्यांचंच औषध भरलंय ना, सित्त?"