मांगूर वर येईपर्यंत

"तो वर येईस्तोवर मी कुठंच जात नाही," बापूजी म्हणाले आणि विहिरीच्या काठावर उकिडवे बसले.

खाली पाण्यावर कपाशीवर मारायच्या औषधाची बाटली तरंगत होती. झाकण उघडं. काल फवारणी झाल्यावर प्रवीण ती काठावरच विसरला होता. रात्री माकडाने ढकलली की पहाटे वाऱ्याने पाडली, कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की बापूजींनी उठल्या उठल्या याच विहिरीचं लोटाभर पाणी रिचवलं होतं.

शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, प्रवीणची मोटरसायकल भकभकत उभी होती.

"बा, चाला ना! पांढुर्ण्याच्या दवाखान्यात दाखवून येऊ."

"अबे, औषध सांडलं असंल तं तो मेला असंल. मेला असंल तं उलटा होऊन वर येईल. मंग चलतो."

तो म्हणजे विहिरीतला मांगूर मासा. काळा, मिशाळ, हातभर लांब. एका पावसाळ्यात जाम नदीचा चिखल सोडून हा गडी निघाला, सावरगावचं शिवार सरपटत ओलांडलं आणि विहिरीच्या पायऱ्या एकेक करून उतरला, असं बापूजी सांगत. पायऱ्यांचं सोडा; पण ओल्या गवतातून मांगूर सरपटतो, हे खोटं नाही. तेव्हापासून घरात आलेल्या पाहुण्याला आधी मांगूर दाखवायचा आणि मग पाणी द्यायचं, असा रिवाजच पडला होता. मांगूर जिता, तर पाणी चांगलं.

पाणी हललं नाही. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवरच होतं, तरी बापूजींचं कपाळ डबडबलं.

"मामाजी, तुम्हाले घाम येऊन राहिला," सून अश्विनी म्हणाली.

"सून समोर उभी राहिली का सासऱ्याले येतेच."

बापूजींनी थुंकी गिळली. परत गिळली.

"तोंडाले पाणी सुटून राहिलं बाप्पा. मांगुराचा रस्सा आठवला."

तेवढ्यात तळातून एक सावली वर सरकली. आधी मिशा, मग चपटं डोकं. मांगुराने तोंड वासलं, हवेचा घोट घेतला आणि शेपटी आपटून खाली गेला.

"जिता हाय!" बापूजींनी मांडीवर थाप मारली. "पाह्य प्रवीण्या! बंद कर ते इंजन. फुकट पेट्रोल जाळून राहिला."

प्रवीणने गाडी बंद केली आणि तिथेच मटकन खाली बसला.

अश्विनी मात्र वाकून पाहतच होती. मांगुराने ढवळलेल्या पाण्यातून एक बारीक मासोळी वर आली. मग आणखी. पांढरी पोटं वर करून त्या बाटलीभोवती फिरू लागल्या.

"मामाजी," ती म्हणाली, "मांगूर वरची हवा घेते. म्हणून तं तो चिखलात जगते, जमिनीवर चालते. या मासोळ्यांले पाण्याशिवाय दुसरं काही नव्हतं."

बापूजी उठायला गेले. गुडघ्यांनी ऐकलं नाही.

मग सगळं भराभर झालं. दोघांनी उचलून त्यांना मोटरसायकलवर बसवलं. अश्विनीने त्यांच्याच दुपट्ट्याने त्यांना प्रवीणच्या कमरेला बांधलं. प्रवीणने किक मारली.

"थांब," बापूजी म्हणाले.

"आता कायले थांब, बा!"

बापूजींनी सुनेकडे मान वळवली. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, ती पुसायलाही हात वर होत नव्हता.

"बालटी सोड विहिरीत. वर आला का काढ त्याले." शब्द जड झाले होते. "मी तं लोटाभरच पेलो. तो त्याच्यातच राहून राहिला."