बेवारसाची मूठमाती

मेडिकल कॉलेजातल्या हाडांच्या खोलीची किल्ली एकट्या शिपाई शामकडे, तरी रोज सकाळी सांगाड्याच्या काचेच्या कपाटापाशी मूठभर काळी माती सांडलेली असायची. झाडूवाल्या सोनीबाईचा संशय शामवर, अन् शामचा तिच्यावर.

"मावशे, वावरातली माती काहून आणून राह्यली इथं?"

"मी कायले आणू? किल्ली तुह्यापाशी हाये ना!"

सांगाडा बेवारस माणसाचा, एवढंच कॉलेजात सांगत. बेवारस म्हणून कोण्या पाटलाला इथं टांगलेलं सोनीबाईनं पाहिलं नव्हतं. आपल्या माणसांच्या हातची मूठमाती ह्याला मिळाली नसेल. शाम दार उघडून देत असेल अन् कोणी सोयरं चोरून देऊन जात असेल, असं वाटून ती माती तुळशीत नेऊन टाकायची.

आज खोलीत दुसऱ्या सांगाड्यासाठी नवं रिकामं कपाट आलं होतं. फरशी मात्र स्वच्छ होती. झाडून ती दाराबाहेर आली, तर तिनं काढून ठेवलेल्या चपलांवर मूठभर ओली माती.

"शाम, हे मेल्या माणसाले देतेत रे! जित्या माणसाच्या चपलेवर टाकतं काय तू?"

शामनं हात पुढं केले. कोरडे, स्वच्छ.

सोनीबाईनं वळून खोलीत पाहिलं. सांगाड्याची उजवी मूठ मिटलेली होती, अन् हाडांच्या फटींतून काळी माती गळत होती.