शिंक्यावरची शिदोरी

चिंचवडच्या शाळेत शास्त्राच्या मास्तरांनी बुरशी आणायला सांगितली, तशी पोरापोरींच्या घरी भाकरी भिजत पडली. हौसानं शिंक्यावरची शिदोरी तेवढी उतरवली. आखाडात गवत कापताना पायाला विळा लागला अन् तिचा थोरला भाऊ शिदोरी न सोडताच परतला होता. "भाकरी उद्या खातो," म्हणाला. जखम चिघळली, तापातच गेला. शिदोरीच्या त्या फडक्याला आईनं कुणाला हात लावू दिला नव्हता. आज ती एवढंच म्हणाली, "माघारी आण." सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या मण्यांच्या माळा दिसल्या. मास्तर हरखले. "हिच्याच कुळातल्या बुरशीपासून आपल्या पिंपरीच्या कारखान्यात पेनिसिलिन बनवतात. चिघळलेली जखम बरी होते, माणूस वाचतो." हौसानं आकृती काढली, मण्यांपुढं 'बीजाणू' लिहिलं. "छान. भाकरी टाकून दे." तिनं फडक्याला गाठ मारली. "न्हाई मास्तर, माघारी न्यायचीय. आय शिंक्याखाली बसली असंल."