बारा-बाराच्या पंगती

महाराष्ट्र राज्य झालं त्याच उन्हाळ्यात तुळशीराम मास्तरांनी चिखलीच्या हिंमतरावांच्या पोरीची सोयरीक खामगावच्या रामरावांच्या मुलाशी जमवून दिली. "मास्तर म्हणजे आमच्या घरातलाच माणूस," असं दोन्हीकडचे सांगत सुटले होते. पण हिंमतरावांनी पंगतींची धास्ती घेतली होती. थोरलीच्या लग्नात व्याह्यांची पंगत आपल्यापेक्षा आखूड निघाली, एवढ्यावरून अख्खं वऱ्हाड भरल्या पत्रावळीवरून उठलं होतं.

"एवढंच न हिंमतराव?" मास्तर हसले. "त्याहिचे बहात्तर, आपले साठ. मसावि काढला त बारा येते. बारा-बाराच्या पंगती बसवा. सरमिसळ नाही, अन् कोनाची लहान-मोठी नाही."

लग्नाच्या दिवशी अकरा पंगती सुतात बसल्या. रामरावांनी स्वतः बोटानं पत्रावळी मोजल्या आणि खुशीत मिशीवरून हात फिरवला. सकाळपासून उपाशी असलेले मास्तर त्यांच्याच शेजारी टेकू लागले, तसे रामराव दचकले.

"मास्तर, तुम्ही बसले त आमची तेराची होते न! लग्न हाय का तेरवी?"

मास्तर हिंमतरावांच्या पंगतीकडे वळले. हिंमतरावांनी तिथूनच हात जोडले. "मास्तर, माह्या पोरीचं लग्न हाय हो. इकडे बी तेराच होतीन."

 

त्र्याहत्तर आणि साठ धरा, नाही तर बहात्तर आणि एकसष्ट, मसावि आता एक येत होता. मास्तरांनी मांडवाच्या खांबाशी एका पत्रावळीची पंगत मांडली.