आपण टेकून पाहावं

बोल्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत होते. सोळाच्या सोळा, वायसरांसकट, आणि पिशवीच्या तोंडाला रबर.

"तुमचे आहेत, घेऊन जा," साहेब म्हणाले. "उगीच वाया कशाला?"

मिस्त्रींनी पिशवी घेतली आणि कठड्याकडे पाहिलं. घराच्या मागच्या अंगाला लाकडी सज्जा, साहेबांच्या भाषेत डेक. त्याच्या तीन बाजूंना मिळून आठ खांब, मध्ये उभ्या पट्ट्या, वर हात ठेवायला गोल घासलेली आडवी पट्टी. शनिवारी काम संपवून ते घरी गेले तेव्हा प्रत्येक खांब खालच्या तुळईला दोन-दोन बोल्टांनी आरपार आवळलेला होता. आता ती भोकं पुट्टी भरून बुजवली होती आणि वर पॉलिशचा हात मारला होता. काम सफाईदार होतं. हे कबूल करावं लागल्याने मिस्त्री आणखीनच भडकले.

"मीच केलं," साहेब म्हणाले. "कालचा रविवार सत्कारणी लावला."

"आणि खांब उभे कशावर आहेत?"

"स्क्रू आहेत ना आतून, तिरके! शिवाय गोंद. चांगल्यातला." साहेबांनी मोबाइल पुढे धरला. "हा बघा, नमुना म्हणून तुम्हाला दाखवला होता तोच फोटो. दिसतोय एक तरी बोल्ट? बोल्टांनी फील जातो हो."

मिस्त्रींनी फोटो पाहिला. फोटोतल्या कठड्याजवळ एकही माणूस नव्हता.

मिस्त्रींना राग आला की ते नम्र होत. घरी त्यांनी बायकोला 'आपण' म्हटलं की ती मुकाट्याने गॅस बंद करून बाहेरच्या खोलीत येऊन बसायची. साहेबांना हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

"आपण फारच मेहनत घेतलीत," मिस्त्री म्हणाले.

साहेब खुलले.

तेवढ्यात साहेबांच्या आई दारातून बाहेर आल्या. उंबरा ओलांडला की त्यांचा उजवा हात आपोआप पुढे जायचा आणि भिंत, खुर्ची, मिस्त्री, जे सापडेल ते धरायचा. तो हात आता कठड्याच्या दिशेने निघाला.

"हात लावू नका!" मिस्त्री केवढ्यांदा तरी ओरडले.

आजींचा हात हवेतच राहिला. "ओलं आहे का रे पॉलिश?"

"नाही आजी. वाळलंय."

"आईला सांगून ठेवलंय मी," साहेब घाईघाईने म्हणाले. "भार द्यायचा नाही, नुसतं उभं राहायचं. आणि कोण कशाला भार देतंय? संध्याकाळी लोक येणार आहेत, ते काय कठड्यावर लोळणार आहेत?"

"किती लोक?"

"असतील पंचवीस-तीस."

"आणि खाली काय आहे?"

खाली काय आहे ते सगळ्यांनाच दिसत होतं. दोन पुरुष खोल उतार होता आणि उतारावर, फोटोत होते तसेच, मोठाले दगड मांडले होते.

"आपण स्वतः एकदा टेकून पाहावं," मिस्त्री म्हणाले.

"मी?"

"आपलंच घर आहे."

साहेब कठड्यापाशी गेले. इस्त्री तापली का ते बघावं तशी त्यांनी दोन बोटं पट्टीला लावली आणि लगेच काढून घेतली. "बघा. हलतं तरी का?"

"असं नाही साहेब. जेवणं झाल्यावर टेकतात तसं. पाठ लावून, पाय सैल सोडून. जोक सांगता सांगता मागे रेलतात, तसं आपण रेलावं."

साहेब वळले. त्यांची पाठ आणि कठडा यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. ते काही केल्या कमी होईना. आजींच्या मागे सूनबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्याही ते अंतर बघत होत्या.

"सावकाश," मिस्त्री म्हणाले. "आपल्याला घाई नाही."

"मिस्त्री, जास्त होतंय हं तुमचं!" साहेबांचा आवाज चढला. "घर माझं, आई माझी. मी बघून घेईन कुणी टेकायचं आणि कुणी नाही. तुम्हाला बोल्टांची एवढी हौस असेल तर स्वतःच्या घरी ठोका!"

मिस्त्रींनी पिशवी खाली ठेवली. कोपऱ्यातल्या खांबाला तळहात लावला आणि ढकललं. फार जोर लावला नाही, अडकलेलं दार उघडायला लागतो तेवढाच. आधी गोंद बोलला, मग स्क्रू. खांब बाहेर कलला, शेजारचे दोन त्याच्यामागून गेले, आणि कठड्याची एक अख्खी बाजू खाली दगडांवर जाऊन आपटली.

"मोडलात!" साहेब किंचाळले. "तुम्ही मोडलात कठडा!"

"आपण मोडलात. काल. मी फक्त आवाज ऐकवला."

"आता लोकांना मी दाखवू काय?"

मिस्त्रींनी आजींच्या दंडाला धरून त्यांना आत नेलं. आतून दाराच्या चौकटीला, आजींच्या कमरेच्या वर वीतभर, एक उरलेली फळी आडवी लावली. एक टोक सूनबाईंनी न सांगता धरलं. मिस्त्रींनी दोन्हीकडे चार-चार लांब स्क्रू पिळले, पिळताना दात-ओठ खाल्ले, आणि फळीवर दोनदा मूठ आपटून पाहिली.

"हे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं. ते बाहेरच राहिले होते.

"कठडा," मिस्त्री म्हणाले.

आजी पुढे झाल्या. दोन्ही कोपरं फळीवर टेकून त्यांनी अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला आणि बाहेर उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं.

"कडेला जाऊ नकोस रे," त्या म्हणाल्या.